मावशीच्या रिपोर्टात ‘म्युटेशन’ आलंय, मग तिच्या मुलीने जीन टेस्ट करायची का?

लालबागवाली:
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचायला येते, आज लिहायची वेळ आलीय. माझ्या मावशीला, वय ५६, गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, स्टेज २बी. पाळी बंद होऊन काही वर्षं झाली होती आणि मधेच अंगावरून लाल जायला लागलं तर ही बाई उष्णता झाली म्हणून सब्जा पीत बसली, कुणाला पत्ता लागू दिला नाही. आता परळला उपचार सुरू होतायत, रेडिएशन आणि सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन (किमोचं औषध).

प्रश्न वेगळाच आहे. बायोप्सीत पी१६ पॉझिटिव्ह आणि एचपीव्ही १६ हा व्हायरस आला. मावसभावाने हौसेने (किंवा घाबरून म्हणा) एका खाजगी लॅबमधून गाठीची जीन टेस्टपण करून घेतली, त्यात ‘पीआयके३सीए ई५४५के म्युटेशन’ असं आलंय, म्हणजे त्या नावाच्या जीनमध्ये बिघाड. झालं, लॅबवाल्यांचा फोन, की मुलीचीपण टेस्ट करून घ्या, फॅमिली पॅकेज आहे. मावसबहीण ३१ ची आहे, तिला १० वर्षांची मुलगी, ती रडून रडून अर्धी झालीय की हे आपल्या रक्तात आहे आणि पोरीलापण जाणार. त्यात ‘व्हायरस’ शब्द घरात शिरल्यापासून नातेवाइकांची कुजबुज सुरू झालीय ती वेगळीच, काका तर कुणाशी बोलतच नाहीत. म्हणजे हे नक्की व्हायरसमुळे होतं की जीनमुळे? की दोन्ही? कुणी नीट समजावेल का प्लीज.

मुलुंडची_माऊ:
अगं बाई, काळजी घे. मावशींना लवकर आराम पडो. ब्रेस्ट कॅन्सरला ते बीआरसीए करतात ना, अँजेलिना जोलीने केलेलं, हे तसंच काहीतरी असेल असं मला वाटतंय. जाणकार सांगतीलच.

बायो_बंड्या:
जाणकार नाही पण लॅबमध्येच आयुष्य चाललंय, खारघरच्या बाजूला, त्यामुळे लिहितो. डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवतो, औषधाचं त्यांनाच विचारा.

माऊ, हे तसं नाही. बीआरसीएचा बिघाड आईबापांकडून येतो, जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो आणि म्हणून मुलांना जाऊ शकतो. मावशींच्या रिपोर्टातला बिघाड गाठीतला आहे, त्या एका जागच्या पेशींमध्ये कधीतरी मधल्या वर्षांत झालेला. त्याला सोमॅटिक म्हणतात. गाठ सोडून बाकीच्या शरीरात तो नाही, आणि त्यांची मुलगी जन्मली तेव्हा तर ही गाठच नव्हती, मग तिच्याकडे जाणार कुठून? लॅबवाल्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण पॅकेज विकायचं असतं.

आता व्हायरस की जीन. दोन्ही, पण क्रम महत्त्वाचा. आधी व्हायरस. जगभरातल्या ९५ टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये एचपीव्ही सापडतो. त्याचे २०० च्या वर प्रकार आहेत, त्यातले डझनभर धोक्याचे, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोघे मिळून साधारण ७० टक्के केसेसना जबाबदार. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन माणसाने १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार गाठींमधून शोधून काढले, तोपर्यंत बहुतेकांचा संशय हर्पिसवर होता. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हा व्हायरस एवढासा, सगळा मिळून सुमारे ८००० अक्षरांचा डीएनए. पण त्यातले दोन जीन, ई६ आणि ई७, भयंकर आहेत. आपल्या पेशीत पी५३ नावाचं प्रोटीन असतं, ते सोसायटीचा वॉचमन समजा. डीएनए बिघडलेला दिसला की पेशीला वाढू देत नाही, फारच बिघडला असेल तर मारून टाकतो. बाकीच्या कित्येक कॅन्सरमध्ये पी५३ चा जीनच बिघडलेला असतो, म्हणजे एजन्सीने वॉचमनच नालायक पाठवला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तो जीन ठणठणीत असतो! वॉचमन रोज वेळेवर ड्युटीवर येतो आणि ई६ त्याला गेटवरूनच उचलून कचऱ्यात टाकतो, रोज, परत परत. मग जीन बिघडवायची गरजच काय?

ई७ दुसरं काम करतो. आरबी नावाचं एक प्रोटीन पेशीचं विभाजन अडवून धरतं, ई७ त्याला जाऊन चिकटतो आणि नष्ट करवतो, मग पेशी वाढत सुटते. पेशी घाबरून पी१६ नावाचं रोखणारं प्रोटीन बदाबदा बनवायला लागते पण त्याचा काही उपयोग होत नाही, कारण त्याला जे वाचवायचं ते आरबीच गायब. मावशींच्या रिपोर्टातलं पी१६ पॉझिटिव्ह ते हेच. म्हणजे व्हायरस तिथे नुसता पडून नाहीये, कामाला लागलाय, याची ती खूण.

आगाऊ_कार्टं:
आमच्या सोसायटीत वॉचमनला कुणी उचलत नाही, तो स्वतःच झोपतो. बाकी बंड्याभाऊ लेख भारी, चालू द्या.

लालबागवाली:
बंड्या, खूप आभार, बहिणीला वाचून दाखवलं. पण मग माझ्या डोक्यात नवीन किडा वळवळतोय. सगळं काम व्हायरसच करतोय तर ते पीआयके३सीए आलं कुठून? आणि इतक्या बायकांना हा व्हायरस होतो असं म्हणतात तर सगळ्यांनाच कॅन्सर का नाही होत?

बायो_बंड्या:
दुसऱ्याचं उत्तर आधी, ते सोपं आहे. दहातली नऊ इन्फेक्शन्स शरीर आपोआप दोनेक वर्षांत निपटून काढतं, बाईला कळतसुद्धा नाही. उरलेल्यांमध्ये व्हायरस ठाण मांडून बसतो, त्यातल्याही काहींमध्येच पेशी बदलायला लागतात, आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये प्रतिकारशक्तीच कमी, त्यामुळे हेच ५ ते १० वर्षांत होऊ शकतं.

या मधल्या वर्षांमध्ये दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे बऱ्याच केसेसमध्ये व्हायरसचा गोल डीएनए तुटतो आणि आपल्या क्रोमोझोममध्ये घुसून बसतो. तुटताना बहुतेकदा त्याचा ई२ नावाचा जीन मोडतो, आणि ई६ ई७ ला आवरणारा तोच असतो, मग ते दोघे मोकाट. २०१७ मध्ये अमेरिकेच्या टीसीजीए या गाठींचे जीन वाचणाऱ्या प्रकल्पाचा मोठा अभ्यास आला होता नेचर मासिकात, त्यात एचपीव्ही १८ च्या सगळ्या गाठींमध्ये आणि १६ च्या सुमारे तीनचतुर्थांश गाठींमध्ये व्हायरस असा क्रोमोझोममध्ये घुसलेला सापडला.

दुसरी गोष्ट मला स्वतःला जाम आवडते, आवडते म्हणजे, कळलं ना. आपल्या शरीरात अ‍ॅपोबेक नावाचे एन्झाइम असतात, त्यांचं काम व्हायरसचा डीएनए खराब करून टाकणं. ते डीएनएमधलं सी अक्षर बदलतात आणि त्याच्या जागी शेवटी टी होतं. एचपीव्ही आला की हे खडबडून जागे होतात, ई६ ई७ मुळे त्यांचं प्रमाण आणखी वाढतं, आणि मग ते व्हायरसबरोबर आपल्याच डीएनएवर पण हात चालवतात. कुठेही नाही, ठरावीक अक्षरांच्या जोडीपाशी, म्हणजे सी च्या आधी टी असेल तिथे. म्हणून गाठीचा डीएनए वाचला की हा कुणाचा हात आहे ते ओळखता येतं. आणि पीआयके३सीए मधल्या ज्या दोन जागा या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त बिघडलेल्या दिसतात, ई५४२के आणि ई५४५के, त्या दोन्ही अगदी या पद्धतीत बसतात. गर्भाशयमुखाच्या साधारण पाव गाठींमध्ये हा जीन बिघडलेला असतो. बिघडला की पेशीला ‘वाढ वाढ’ असा सिग्नल सारखा चालू राहतो.

म्हणजे लालबागवाली ताई, तुमच्या मावशींचं ते म्युटेशन वंशपरंपरेने आलेलं नाही, बहुधा व्हायरसशी चाललेल्या वर्षानुवर्षांच्या मारामारीतच ते झालंय. बहिणीला एवढंच सांगा.

सायनकर:
वा. पण बंड्या, मग त्या म्युटेशनवर औषध नाही का? अल्पेलिसिब पीआयके३सीए साठीच आहे ना, आमच्या ऑफिसमधल्या एकीला ब्रेस्टसाठी दिलं होतं.

बायो_बंड्या:
हो, ते ब्रेस्ट कॅन्सरच्या एका विशिष्ट प्रकाराला २०१९ पासून मंजूर आहे. या कॅन्सरसाठी नाही. २बी ला आज तरी मुख्य उपचार किमो-रेडिएशन आणि नंतर ब्रॅकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन) हाच, म्युटेशन काहीही असो. म्हणजे त्या महागड्या रिपोर्टने आत्ता मावशींच्या उपचारात काडीचा फरक पडत नाही. पुढे आजार पसरला किंवा परत आला (न येवो) तर काही तपासण्या खरंच लागतात, पीडी-एल१ वगैरे, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारं औषध) द्यायची का ते बघायला. ते तेव्हा डॉक्टर सांगतील.

नाना_गिरगाव:
शास्त्र ठीक आहे, पण हा शरीरसंबंधातून पसरणारा रोग आहे हे कुणी स्पष्ट बोलत नाही. कुठेतरी बाहेरख्यालीपणा असल्याशिवाय घरंदाज बाईला हे होणार कसं? कटू आहे पण सत्य आहे.

शुभदा_परळ:
नाना, वयाचा मान ठेवून सांगते, हे सत्य नाही. मी वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम केलंय आयुष्यभर आणि याच एका वाक्याने बायका तपासणीला येत नाहीत. एचपीव्ही इतका सर्रास आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधीतरी होऊन जातो. एकच जोडीदार पुरतो. तो नवऱ्याला लग्नाआधी झालेला असू शकतो, त्याला काडीचं लक्षण नसतं. आणि व्हायरस २०-२५ वर्षांपूर्वी आला असेल तर आता कुणाकडून कधी आला हे ठरवणारी टेस्ट जगात नाही. निरोध वापरल्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण तो त्वचेच्या संपर्कानेही लागतो.

लालबागवाली, काकांशी कुणीतरी पुरुषमाणसाने बोला. गप्प बसलेत म्हणजे बहुतेक त्यांना वाटतंय की आपल्यामुळे झालं, किंवा उलटं. दोन्ही विचार त्या बाईच्या उपचाराच्या मधे येतात. रेडिएशनला रोज कुणीतरी सोबत लागतं.

लालबागवाली:
शुभदाताई, अगदी नेमकं बोललात. माझ्या बाबांना पाठवते त्यांच्याकडे. दोघे जुने डिलाईल रोडचे, बोलतील.

मुलुंडची_माऊ:
नाना, निदान आजारी माणसाच्या धाग्यावर तरी.

नाना_गिरगाव:
मी सर्वसाधारण बोललो. व्यक्तिशः घेऊ नये.

शुभदा_परळ:
ठीक आहे नाना. आता विषय निघालाच आहे तर सांगते, टाटा कॅन्सर हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये जो मोठा अभ्यास केला तो पुष्कळ मराठी लोकांना माहीतच नाही. दीड लाख बायका होत्या. महागडी मशीन नाही की लॅब नाही, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं आणि व्हिनेगरमधलं जे असतं ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ४ टक्क्यांचं, गर्भाशयमुखाला लावून बघायचं. बदललेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. दर दोन वर्षांनी. डॉ. सुरेंद्र शास्त्री प्रमुख होते. १२ वर्षांनंतर या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत हे मांडलं गेलं. त्यावर टीकाही झाली, की तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी का नाही केली. ती टीका मला पटते. पण त्या कामातून जे हाती आलं ते आपल्यासारख्या देशात करता येण्याजोगं होतं हेही खरं.

बायका तयार व्हायला मात्र वेळ लागायचा. सासूला विचारते, नवऱ्याला विचारते, आज पाळी आहे, आज पाणी यायचंय. पाण्याची वेळ सांभाळून तपासणी ठेवली नाही तर एकही बाई फिरकायची नाही.

सोलापूरवाला_सध्या_ठाणे:
आमच्याकडचं पण सांगतो, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि उस्मानाबाद जिल्हा (आता धाराशिव). तिथे एक लाख तीस हजारांच्या आसपास बायकांवर अभ्यास झाला, कुणाची एचपीव्ही टेस्ट, कुणाचं पॅप (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते), कुणाचं व्हिनेगरवालं, आणि एक गट नेहमीसारखा. २००९ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने पुढे गेलेले कॅन्सर आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. माझी आजी त्या गावातली, तिला अजून ‘त्या गाडीवाल्या बाया’ आठवतात. जगात आज एचपीव्ही टेस्ट आधी करा म्हणतात त्यामागे आमच्या दुष्काळी भागातल्या बायका आहेत, हे पुण्यामुंबईच्या लोकांनी लक्षात ठेवा जरा.

आगाऊ_कार्टं:
ठेवलं सोलापूरवाले. कडक भाकरी पाठवा.

सत्यशोधक७७:
सगळे लशीवर येणारच आहात तर मी आधीच बोलतो. खम्ममला काय झालं विसरलात का? मुली मेल्या होत्या. फार्मा कंपन्यांचा धंदा आहे नुसता. आपल्या पोरींवर प्रयोग.

बायो_बंड्या:
विसरलो नाही, आणि विसरूही नये. २००९ मध्ये पाथ या संस्थेने तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना लस दिली, सात मुलींचे मृत्यू झाले, २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध सापडला नाही, कुणी बुडाली होती, एकीला साप चावला होता असं. पण संमतीच्या बाबतीत जे झालं ते लाजिरवाणं होतं, वसतिगृहातल्या आदिवासी मुलींसाठी वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर चांगलंच झोडपलं. तेव्हा तुमचा राग चुकीचा नाही, निष्कर्ष चुकीचा आहे.

आणि याची एक गंमत ऐका. त्याच वेळी देशात एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस बरे की तीन. सरकारच्या आदेशाने तोही अर्ध्यात थांबला. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तर एका डोसनेही १६ आणि १८ पासून जवळपास तेवढंच संरक्षण मिळतंय असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलींना एक डोस चालेल असं म्हटलं, त्यात या भारतीय मुलींच्या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

लशीत व्हायरस नसतोच, नुसतं त्याच्या वरच्या आवरणाचं प्रोटीन असतं, आत डीएनए नाही. ई६ नाही, ई७ नाही. बिघाड करणार कोण? इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस मिळाली त्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाला. मला याहून जास्त पुरावा नको.

सत्यशोधक७७:
इंग्लंडचं इंग्लंडला. बघू.

सायनकर:
किमतीचं काय? परदेशी लस हजारोंमध्ये आहे असं ऐकलंय. आणि मुलांना देतात का? मला मुलगा आहे १२ चा.

शुभदा_परळ:
पुण्याच्या सिरमची सेर्वावॅक आहे, २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली, तेव्हा साधारण २००० रुपये डोस होता. ६, ११, १६, १८ हे चार प्रकार त्यात येतात. वय ९ ते २६, मुलांनाही मंजूर आहे. पुरुषांमध्ये याच व्हायरसने घशाचा आणि लिंगाचा कॅन्सर होतो त्यामुळे द्यायला हरकत काहीच नाही. डोस किती ते वयावर आहे, पंधराच्या आत असेल तर खाजगीत सहसा दोन, सहा महिन्यांच्या अंतराने. बालरोगतज्ज्ञाला विचारून घ्या.

मुलुंडची_माऊ:
मी ४३ ची, माझं राहूनच गेलं म्हणायचं.

शुभदा_परळ:
माऊ, तुझ्यासाठी लस नाही, टेस्ट. लस आधीच झालेलं इन्फेक्शन बरं करत नाही. एचपीव्ही टेस्ट कर, निगेटिव्ह आली तर पाच वर्षं निश्चिंत. पॅप केलंस तर तीन. पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सरच असं नाही, पुढे कोल्पोस्कोपी करून म्हणजे दुर्बिणीतून बघतात आणि डाग असेल तर ओपीडीतच काढून टाकतात किंवा गोठवतात. वर बंड्याने सांगितलेली ती १५-२० वर्षं आहेत ना, आपल्याला वेळ मिळतो तो त्याच्यातच.

बायो_बंड्या:
शुभदाताईंना अनुमोदन. आणि माझ्या पहिल्या पोस्टला एक जोड, नाहीतर कुणी उद्या पकडेल. आनुवंशिक प्रकार अजिबात नाही असं नाही. प्यूट्झ-येगर्स नावाचा दुर्मिळ आजार आहे, एसटीके११ जीनचा, ओठांवर काळसर ठिपके आणि आतड्यात पॉलिप म्हणजे छोट्या गाठी, त्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा एक वेगळाच कॅन्सर होऊ शकतो, तो एचपीव्ही शिवाय होतो. मावशींना एचपीव्ही १६ आहे, पी१६ पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे इथे तो प्रश्न नाही.

अजून एक, आता राहवत नाही म्हणून. जगभरच्या लॅबमध्ये ज्या हेला पेशी वाढवतात त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या याच कॅन्सरच्या. १९५१ मध्ये ती ३१ व्या वर्षी गेली, पेशी तिला न विचारता घेतलेल्या. त्यात एचपीव्ही १८ आहे, आठव्या क्रोमोझोममध्ये, पेशी वाढवणाऱ्या एमवायसी जीनच्या शेजारी घुसलेला. आणि इतक्या वर्षांनंतरही प्रयोगात त्या पेशींमधले ई६ ई७ बंद केले की पी५३ परत दिसायला लागतो आणि पेशींची वाढ थांबते. इतकी म्युटेशन्स साठली तरी व्हायरसशिवाय चालत नाही त्यांचं. मी स्वतः रोज त्या पेशींना खायला घालतो, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आगाऊ_कार्टं:
बंड्या, विनोद नाही सुचत आज. छान लिहितोस.

लालबागवाली:
सगळ्यांचे आभार, नानांचे पण, कारण त्यांच्यामुळे शुभदाताईंचं ते उत्तर आलं आणि मी ते जसंच्या तसं फॅमिली ग्रुपवर टाकलं, ग्रुप शांत आहे तेव्हापासून. मावशीच्या डॉक्टरांनापण विचारलं, त्यांनी लॅबचं पॅकेज बघून नुसती मान हलवली आणि म्हणाल्या मुलीची एचपीव्ही टेस्ट करा आणि नातीला लस द्या, जीनची टेस्ट नको. बहीण टेस्टला तयार आहे, नातीच्या शाळेची परीक्षा झाली की लस. काका काल बाबांबरोबर रेडिएशनला आले होते.

आता पुढचं विचारते. रेडिएशननंतर ब्रॅकीथेरपी आहे, मावशी त्या नावानेच घाबरलीय. कुणाच्या घरी झालीय का? भूल देतात का, राहावं लागतं का, आणि नंतर लघवीची जळजळ, जुलाब यांचं काय करायचं?

शुभदा_परळ:
भूल देतात, पूर्ण किंवा कमरेखालची. प्रत्येक वेळी काही तासांचं काम असतं, किती वेळा आणि राहायचं का ते डॉक्टरांच्या प्लॅनवर आहे, आधीच विचारून ठेवा म्हणजे सोबतीची पाळी लावता येईल. जुलाब लागले तर दूध आणि तिखट बंद, ताक-भात, सरबत, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, मनाने काही नको. लघवीला जळजळ झाली तर पाणी वाढवा आणि ओपीडीत सांगा, इन्फेक्शन आहे का बघतात. आणि एक गोष्ट बायका लाजून विचारत नाहीत, उपचार संपल्यावर योनिमार्ग आखडतो, त्यासाठी डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी नळी) वापरायला शिकवतात, ते नर्सकडून नीट समजून घ्या. मावशी विचारणार नाहीत, तुम्ही विचारा.

लालबागवाली:
विचारते. सोमवारी जायचंय, तेव्हाच विचारून इथे लिहीन.